गिम्पमध्ये ‘ब्रश उमटत नाही’: आधी काय तपासायचं आणि मदत मागताना काय दाखवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोवर नवीन लेयर (चित्राचा वेगळा थर) घेतला, ब्रश फिरवला, पण काहीच उमटलं नाही. गिम्प वापरणाऱ्या तिघांना विचारलं तर तीन उत्तरं आली. एकाने सिलेक्शन (चित्राचा निवडलेला भाग) काढायला सांगितलं, दुसऱ्याने अल्फा चॅनल (लेयरची पारदर्शकता नोंदवणारा भाग) घालायला, तिसऱ्याने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला. तिन्ही करून झालं, ब्रश ढिम्म. तेव्हा नेमकं बिघडलंय काय, आणि उपयोगी पडेल असं उत्तर मिळवायचं तरी कसं, असं तुम्ही विचारताय.

तिघांना फार दोष देता येणार नाही. ‘ब्रश उमटत नाही’ हे लक्षण झालं. त्यामागे डझनभर कारणं असू शकतात आणि तुमचा स्क्रीन त्यांच्यासमोर नव्हता. मग प्रत्येकाने आपल्याला सर्वात जास्त वेळा भेटलेलं कारण सांगून टाकलं. सिलेक्शनचा सल्ला रास्तच होता, कारण चित्राच्या एका कोपऱ्यात दोन-चार पिक्सेलचं सिलेक्शन राहून गेलं की बाकी कुठेही ब्रश उमटत नाही, आणि इतकं छोटं सिलेक्शन डोळ्यांना दिसतही नाही. अल्फा चॅनलचा सल्ला मात्र इथे गैरलागू आहे. अल्फा नसेल तर खोडरबर पारदर्शक करण्याऐवजी मागचा रंग भरतो. ब्रश अल्फा नसतानाही व्यवस्थित चालतो. आणि पुन्हा इन्स्टॉल करण्याने सहसा काहीच साधत नाही, कारण तुमच्या सेटिंग्ज वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात आणि नवं इन्स्टॉलेशन त्याच उचलतं. बिघाड सेटिंगमध्ये असेल तर तो जसाच्या तसा परत येतो.

म्हणून उपाय शोधण्याआधी बिघाड कुठल्या भागात आहे हे ठरवायचं. त्यासाठी दोन मिनिटांच्या तीन चाचण्या पुरतात. यांची उत्तरं सोबत दिलीत तर सांगणाऱ्याचं निम्मं काम होतं.

पहिली चाचणी. कंट्रोल आणि एन दाबून ५०० बाय ५०० पिक्सेलचं कोरं चित्र उघडा आणि ब्रशला हात न लावता त्यावर रेघ ओढा. ब्रशचा आकार, अपारदर्शकता, रंग हे सगळं एका चित्रातून दुसऱ्या चित्रात तसंच सोबत येतं. त्यामुळे इथे रेघ उमटली तर ब्रश ठीक आहे आणि गडबड त्या फोटोच्या फाइलमध्ये, म्हणजे लेयर, मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा हे ठरवणारं आवरण), कुलूप (लेयरमध्ये बदल होऊ न देणारी सेटिंग) किंवा सिलेक्शनमध्ये आहे. इथेही उमटली नाही तर दोष ब्रशच्या सेटिंगमध्ये. (पुढचा रंग पांढरा आणि चित्रही पांढरं असा घोटाळा मात्र आधी तपासा. ‘एक्स’ दाबला की पुढचा आणि मागचा रंग अदलाबदल होतात. हसू नका, हे बऱ्याचदा होतं.)

दुसरी चाचणी. मूळ फाइलमध्ये रेघ ओढा आणि एडिट मेनूतलं अनडू हिस्टरी उघडून पाहा. यादीत ब्रशची नवी नोंद पडली का? नोंद पडली नसेल तर गिम्पने रंगवायलाच नकार दिला आहे. नकार देताना ते खिडकीच्या तळाशी, स्टेटस बारमध्ये, एका ओळीत कारणही सांगतं: लेयरचे पिक्सेल कुलूपबंद आहेत, लेयर दिसत नाही, लेयर-गटावर रंगवता येत नाही, वगैरे. ही ओळ काही क्षणांत जाते, म्हणून पुन्हा क्लिक करून नजर खालीच ठेवा. ती जशीच्या तशी उतरवून घेतलीत तर बहुतेक वेळा कुणाला विचारायची वेळच येत नाही.

तिसरी चाचणी नोंद पडली असेल तेव्हाची. लेयर पॅनेलमध्ये त्या लेयरच्या शेजारचं छोटं चित्र पाहा. रेघ त्यात दिसत असेल तर ब्रशने काम केलंय, फक्त तुम्हाला दिसत नाही. म्हणजे लेयर दुसऱ्या लेयरखाली झाकलेला आहे, त्याची अपारदर्शकता शून्यावर गेली आहे किंवा त्याचा मोड (खालच्या लेयरशी मिसळण्याची पद्धत) बदललेला आहे. रेघ छोट्या चित्रातही नसेल तर ती सिलेक्शनच्या, लेयरच्या हद्दीच्या किंवा कुलपाच्या बाहेर पडते आहे.

नोंद पडते पण रेघ दिसत नाही, हा प्रकार सर्वात फसवा असतो. त्यातली नेहमीची कारणं जरा सावकाश पाहू.

लेयरची हद्द हे त्यातलं पहिलं. गिम्पमध्ये प्रत्येक लेयरला स्वतःचा आकार असतो आणि तो चित्राएवढाच असेल असं नाही. दुसरीकडून चिकटवलेला तुकडा ३०० बाय २०० पिक्सेलचा असेल तर लेयरही तेवढाच, आणि त्याच्या बाहेर ब्रश निष्फळ. व्ह्यू मेनूतलं ‘शो लेयर बाउंडरी’ चालू असेल तर पिवळी तुटक चौकट दिसते. लेयर मेनूतलं ‘लेयर टू इमेज साइझ’ वापरलं की हद्द चित्राएवढी होते.

दुसरं अल्फाचं कुलूप. हे लावलं की लेयरचा जो भाग आधीच रंगलेला आहे तिथेच रंग बसतो. पारदर्शक भाग पारदर्शकच राहतो. पूर्ण रिकाम्या लेयरवर हे कुलूप असेल तर तासभर ब्रश फिरवूनही काही दिसणार नाही. गिम्पच्या २.१० या आवृत्तीत कुलपांची चित्रं लेयर पॅनेलच्या वरच्या भागात एका ओळीत असतात. ३.० मध्ये ती प्रत्येक लेयरच्या ओळीत गेली, त्यामुळे जुनं मार्गदर्शन वाचून शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत.

तिसरं मास्क. लेयरला मास्क असेल तर पॅनेलमध्ये दोन छोटी चित्रं शेजारी दिसतात आणि ज्याभोवती पांढरी कड असते त्यावर ब्रश चालतो. कड मास्कभोवती असेल तर तुम्ही लाल रंग घेतलात तरी मास्कमध्ये करडाच उतरतो, आणि लेयरचा काही भाग अर्धवट पुसल्यासारखा होतो. पांढऱ्या मास्कवर पांढरा ब्रश फिरवला तर काहीच बदलत नाही. लेयरच्या छोट्या चित्रावर एकदा क्लिक करा, झालं.

चौथं कारण २.१० वाल्यांसाठी. तिथे काही चिकटवलं की ते तरंगतं सिलेक्शन म्हणून राहतं. ते मोकळं करेपर्यंत बाकीच्या लेयरवर काम करता येत नाही. कंट्रोल आणि एच दाबून ते खालच्या लेयरला चिकटवायचं किंवा शिफ्ट, कंट्रोल आणि एन दाबून त्याचा नवा लेयर करायचा. ३.० मध्ये चिकटवलेला तुकडा आपोआप नवा लेयर होतो, त्यामुळे ही भानगड बरीच कमी झाली. पण त्याच आवृत्तीत एकाहून अधिक लेयर एकदम निवडता येऊ लागले आणि एक नवी भानगड आली: दोन लेयर निवडलेले असताना ब्रश नकार देतो. रंगवायला एकच लेयर निवडलेला हवा.

रंग उमटतो पण वेगळाच उमटतो, ही तक्रार याच्या शेजारची. फाइल जिफ असेल तर ती इंडेक्स्ड मोडमध्ये उघडते. तिच्या रंगपेटीत जेवढे रंग आहेत त्यातलाच जवळचा रंग मिळतो. चित्र ग्रेस्केलमध्ये असेल तर सगळं करडं. दोन्हींवर उपाय एकच: इमेज मेनूत मोडखाली आरजीबी. ३.० मध्ये आणखी एक शक्यता आहे. फिल्टर आता लेयरवर वेगळा बसून राहू शकतो आणि लेयरच्या ओळीत त्याचं ‘एफएक्स’ असं चिन्ह दिसतं. लेयरवर रंग काढून टाकणारा फिल्टर बसलेला असेल तर तुम्ही काढलेली लाल रेघही करडीच दिसणार. आणि सगळं चित्र लालसर झालं असेल तर क्विक मास्क चालू आहे. शिफ्ट आणि क्यू दाबून तो बंद करा.

पहिल्या चाचणीत कोऱ्या चित्रावरही रेघ उमटली नसेल तर टूल ऑप्शन्स पॅनेल पाहा. अपारदर्शकता, मोड आणि आकार या तीन गोष्टी. आकार पिक्सेलमध्ये असतो हे लक्षात ठेवा: ४००० पिक्सेल रुंद फोटो २५ टक्क्यांवर पाहताना ४ पिक्सेलचा ब्रश स्क्रीनवर एका ठिपक्याएवढा दिसतो. पॅनेलच्या तळाशी उजवीकडे मूळ सेटिंगवर नेणारं बटण आहे, ते दाबून पाहा. टॅब्लेटचा पेन वापरत असाल तर तीच रेघ माउसने ओढून पाहा. गिम्प प्रत्येक उपकरणासाठी वेगळं साधन आणि वेगळा रंग लक्षात ठेवू शकतं, त्यामुळे माउसला ब्रश आणि पेनला खोडरबर असं होऊ शकतं.

तरीही उलगडा झाला नाही तर पुन्हा इन्स्टॉल न करता सेटिंगचं फोल्डर बाजूला करा. प्रेफरन्सेसमधल्या फोल्डर्स या भागात जे पथ दिसतात त्यावरून ते कुठे आहे ते कळतं. विंडोजवर ते वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये रोमिंगखाली, गिम्प नावाच्या फोल्डरमध्ये असतं आणि त्यात आवृत्तीच्या क्रमांकाचं फोल्डर असतं. गिम्प बंद करा, त्या क्रमांकाच्या फोल्डरचं नाव बदला, गिम्प पुन्हा सुरू करा. ते नवं फोल्डर करून सहसा कोऱ्या पाटीने उघडतं. बिघाड गेला तर दोष सेटिंगचा होता. जुनं फोल्डर पुसू नका, तुमचे ब्रश आणि प्लगइन (जोडीला टाकलेले छोटे प्रोग्रॅम) त्यातच आहेत.

आता मदत मागण्याबद्दल. मदत करणारा तुमच्यासारखाच वापरकर्ता असतो आणि वेळ काढून उत्तर देत असतो. त्याने उलट चार प्रश्न विचारले की दोन दिवस जातात आणि तोवर त्याचं लक्ष दुसरीकडे जातं. म्हणून ते चार प्रश्न येण्याआधीच त्यांची उत्तरं द्यायची.

सर्वात मोलाची वस्तू म्हणजे पूर्ण खिडकीचा स्क्रीनशॉट. लोक चित्राचा तेवढा भाग कापून पाठवतात आणि नेमका पुरावा कापला जातो. वरच्या पट्टीत फाइलचं नाव, रंगाचा मोड, बिट, लेयरची संख्या आणि पिक्सेलमधला आकार असतो. डाव्या-उजव्या पॅनेलमध्ये कुठलं साधन निवडलंय, त्याची सेटिंग काय आणि कुठला लेयर चालू आहे ते दिसतं. खाली झूम आणि सूचना. या एका चित्रावरून अनुभवी माणूस वर सांगितलेली निम्मी कारणं बघताक्षणीच बाद करतो. म्हणून लेयर आणि टूल ऑप्शन्स ही दोन्ही पॅनेलं उघडी ठेवून, बिघाड समोर असताना चित्र घ्या. पॅनेलंच गायब झाली असतील तर टॅबची कळ दाबा, चुकून तीच दाबली गेलेली असते. स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये ठेवा. जेपीईजीमध्ये बारीक अक्षरांभोवती धूळ येते आणि निरोप पाठवणारी ॲप त्यात आणखी आकसून टाकतात, त्यामुळे जमेल तिथे चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको. त्यात लाटा दिसतात आणि लेयरची नावं वाचता येत नाहीत.

दुसरी गोष्ट आवृत्ती. ‘लेटेस्ट’ हे उत्तर नव्हे. हेल्प मेनूतल्या अबाउटमध्ये २.१०.३८ असा पूर्ण क्रमांक असतो, तो द्या. सोबत विंडोज, मॅक की लिनक्स, आणि गिम्प कुठून घेतलं: अधिकृत इन्स्टॉलर, ॲप स्टोअर, की लिनक्सवर सॉफ्टवेअर मिळण्याचे प्रकार असलेले फ्लॅटपॅक किंवा स्नॅप. प्लगइनच्या तक्रारीत हे फार महत्त्वाचं असतं, कारण या प्रत्येक प्रकारात फोल्डरांची जागा वेगळी असू शकते.

आवृत्तीवर इतका भर देण्याचं कारण आहे. गिम्प १९९५ मध्ये सुरू झालं, आणि इतक्या वर्षांची उत्तरं शोधात एकाच ढिगात सापडतात. २०१२ मध्ये २.८ आलं तेव्हापासून ‘सेव्ह’ फक्त एक्ससीएफ फाइल (लेयर जपणारी गिम्पची स्वतःची फाइल) देतं आणि जेपीईजी-पीएनजीसाठी ‘एक्सपोर्ट’ करावं लागतं. त्याआधीचं उत्तर वाचलंत तर ‘सेव्ह ॲज’मध्ये जेपीईजी शोधत बसाल. २०१८ च्या २.१० मालिकेत पुढे साधनं गटांमध्ये गेली, त्यामुळे टूलबॉक्समध्ये एका चिन्हामागे चार साधनं दडलेली असतात. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं आणि २.१० चे पायथॉन प्लगइन त्यात जसेच्या तसे चालेनासे झाले. म्हणून कुठलंही उत्तर वाचताना आधी ते कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते पाहा. मेनूतली आज्ञा सापडत नसेल तर तिरकी रेघ, म्हणजे ‘/’ ही कळ दाबा. आज्ञा शोधण्याची चौकट उघडते, त्यात आज्ञेच्या नावातले दोन शब्द टाकले की आज्ञा समोर येते.

मेनूच्या भाषेचंही असंच. तुमचा इंटरफेस इंग्रजीत नसेल आणि सांगणारा इंग्रजी नावं सांगत असेल तर दोघंही गोंधळतात. प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेसखाली भाषा तात्पुरती बदला आणि गिम्प पुन्हा सुरू करा.

तिसरी गोष्ट, आणि ही बहुतेक जण गाळतात: तुम्हाला शेवटी काय हवंय? ‘ब्रश उमटत नाही’ असं विचारणाऱ्याला खरं तर फोटोची पार्श्वभूमी बदलायची असते, आणि त्यासाठी ब्रशने रंगवणं हा सर्वात खडतर मार्ग असतो. हेतू सांगितलात तर कुणीतरी लेयर मास्कचा सोपा रस्ता दाखवेल. तो सांगितला नाहीत तर लोक इमानेइतबारे तुमचा अवघड रस्ताच दुरुस्त करत बसतील.

नमुना म्हणून तुमचाच प्रश्न असा लिहिता येईल:

‘गिम्प २.१०.३८, विंडोज ११, अधिकृत इन्स्टॉलर. फोटोवर हाताने सही काढायची आहे, ती नंतर हलवता यावी म्हणून वेगळ्या लेयरवर. केलेल्या पायऱ्या: जेपीईजी उघडली, नवीन पारदर्शक लेयर घेतला, पेंटब्रश निवडला, काळा रंग, आकार ४०. रेघ दिसत नाही. कोऱ्या चित्रावर उमटते. अनडू हिस्टरीत नोंद पडते, लेयरच्या छोट्या चित्रात रेघ दिसत नाही. सिलेक्ट मेनूतलं ‘नन’ वापरून सिलेक्शन काढून पाहिलं. पूर्ण खिडकीचा स्क्रीनशॉट सोबत.’

एवढ्या मजकुरावर मी तरी थेट अल्फाच्या कुलपाकडे आणि लेयरच्या हद्दीकडे बोट दाखवेन. दुसरं काही विचारायची गरज नाही.

स्क्रीनशॉटने भागलं नाही तर एक्ससीएफ फाइल द्यावी लागते. तेव्हा लेयर एकत्र करून देऊ नका. जिथे गडबड आहे तीच जागा तुम्ही सपाट करून टाकता. ‘सेव्ह अ कॉपी’ने वेगळी प्रत काढा, नको ते लेयर पुसा आणि बिघाड अजून तसाच आहे ना हे पाहून मग पाठवा. पुसता पुसता बिघाड गेला तर शेवटी पुसलेल्या लेयरमध्येच उत्तर आहे. फोटो खासगी असेल तर त्याच्या जागी दुसरा कुठलाही टाका. मूळ जेपीईजी पाठवायची वेळ आली तर तिच्यात फोटो काढल्याचं ठिकाण नोंदलेलं असू शकतं. इमेज मेनूत मेटाडेटाखाली ते पाहता येतं आणि एक्सपोर्ट करताना एक्झिफची (फोटोसोबत साठवलेल्या माहितीची) खूण काढली की ते सोबत जात नाही.

गिम्प बंद पडत असेल तर प्रकरण वेगळं. २.१० पासून कोसळल्यावर एक चौकट येते आणि तिच्यात तांत्रिक मजकूर असतो. त्याचं चित्र न काढता तो मजकूरच कॉपी करून द्या. गिम्पच्याच ‘विंडोज’ नावाच्या मेनूतल्या डॉकेबल डायलॉग्समध्ये एरर कन्सोल आहे, तिथल्या ओळीही तशाच. कोऱ्या सेटिंगवर, प्लगइनशिवाय, त्याच पायऱ्यांनी दर वेळी कोसळत असेल तर तो बग समजायचा. तो नोंदवायची जागा म्हणजे नोम या प्रकल्पाच्या गिटलॅब संकेतस्थळावरची गिम्पची बग-यादी. अशा बगला इतर वापरकर्ते सहसा फक्त दुजोरा देऊ शकतात.

उत्तरं आली की एका वेळी एकच करून पाहा. तुम्ही तिन्ही सल्ले एकापाठोपाठ केलेत, त्यामुळे आता लेयरला अल्फा आहे, सिलेक्शन नाही, पण मधल्या कुठल्या क्लिकने काय बदललं ते तुम्हालाही सांगता येणार नाही. प्रत्येक प्रयोगानंतर अनडू करून मूळ जागी या, मग पुढचा.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय मात्र वेगळाच आहे. नवीन लेयर नेहमी त्या वेळी निवडलेल्या लेयरच्या वर तयार होतो. तुमच्या फाइलमध्ये आधीपासून दोन लेयर असतील आणि खालचा निवडलेला असेल तर नवा लेयर फोटोच्या खाली गेला. तुम्ही रंगवताय, फोटो ते झाकतोय. लेयर पॅनेलमध्ये नव्या लेयरच्या छोट्या चित्रात तुमच्या रेघा दिसतायत का पाहा. दिसत असतील तर तो लेयर ओढून सगळ्यात वर ठेवा. दिसत नसतील तर वरच्या तीन चाचण्यांची उत्तरं आणि पूर्ण खिडकीचा स्क्रीनशॉट इथेच टाका.